लॅथकिल डेल: आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन शिशाच्या खाणींची नदीकाठची फेरी, नीट क्रमाने

इंग्लंडात उन्हाळा लागला, गावाकडून आई-बाबा आले, की शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, मँचेस्टरच्या ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. "लॅथकिल डेलला जाऊन आलो, पण नदी कुठे होती? नुसते धोंडे!" "खाण खाण म्हणत होतात, आम्हाला एक पडकी भिंत दिसली." "जाताना मजा आली हो, येताना चढावर बाबांना धाप लागली, फार घाबरलो." गाऱ्हाणी ही तीनच. चुकीचा महिना, चुकीची सुरुवात आणि परतीचा चढ विसरणं, ही त्यांची कारणं. तिन्ही घरबसल्या टाळता येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो आहे.

ही दरी डर्बीशायरमध्ये, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात, बेकवेल गावापासून तीनेक किलोमीटरवर आहे. इथे सांगतो ती फेरी ओव्हर हॅडन या गावातून सुरू होते, नदीकाठाने मँडेल ही शिशाची जुनी खाण आणि बेटमन हाउस या पडक्या घरापर्यंत जाते आणि त्याच वाटेने परत येते. जाऊन-येऊन साधारण ३ किलोमीटर. एकटा माणूस तासाभरात उरकेल. मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर अडीच-तीन तास हाताशी ठेवा आणि घाई करू नका.

## निघण्याआधी: चार निर्णय

१. महिना. लॅथकिल ही चुनखडीच्या खडकातली नदी आहे. चुनखडीला भेगाच भेगा, त्यामुळे पाऊस ओसरला की पाणी वरून वाहायचं सोडून खाली जिरतं. त्यात भर म्हणजे खाणवाल्यांनी जमिनीखाली पाणी काढून देणारे बोगदे खणून ठेवलेले. खाणी बंद पडल्या तरी बोगदे आपलं काम करतच राहिले आणि नदीचं पाणी तिकडून पळतं. कोरड्या उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात, दरीच्या वरच्या भागात नदीचं पात्र ठणठणीत कोरडं असतं. शाळेच्या सुट्टीत आलात आणि तीन आठवडे पाऊस नसेल, तर मुलांना आधीच सांगून ठेवा.

माझ्या मते मे महिना सगळ्यात चांगला. पाणी असतं, चिखल बराच वाळलेला असतो, उजेड उशिरापर्यंत असतो. हिवाळ्यात पानं झडल्यामुळे खाणीचे अवशेष जास्त स्पष्ट दिसतात हे खरं, पण डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि वाट घसरडी होते. आजी-आजोबांना घेऊन हिवाळ्यात येऊ नका.

२. सुरुवात कुठून. नकाशावर दरीचं वरचं टोक मोन्याश गावापाशी आहे. तिथून निघालं की नदीबरोबर खाली खाली जायचं, म्हणजे सोपं, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी सासूबाईंना घेऊन मी तिथूनच निघालो. पुढे दरी अरुंद होते आणि वाटेवर झिजून गुळगुळीत झालेले चुनखडीचे दगड येतात. कोरडे असतानाही ते निसटतात, आणि ओले झाल्यावर तर साबणासारखे. अर्ध्या किलोमीटरला आम्हाला जवळजवळ तास लागला, त्यांचा गुडघा सुजला, आणि खाणी अजून कितीतरी लांब असताना परत फिरावं लागलं. ती वाट वाईट नाही, धडधाकट माणसांसाठी सुंदर आहे. पण कुटुंबासाठी सुरुवात ओव्हर हॅडनमधूनच करा.

ज्यांना चढ अजिबात झेपणार नाही त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे: दरीच्या खालच्या बाजूचा कॉन्क्सबरी पूल. तिथून नदीकाठाने वर चालत आलं तर गावाचा उभा रस्ता टळतो. अंतर मात्र वाढतं, खाणींपर्यंत जाऊन-येऊन ४ किलोमीटरच्या आसपास होतं. पुलाजवळ रस्त्याकडेला मोजक्याच गाड्या मावतात, म्हणून सकाळी लवकर पोचायला हवं.

३. वार आणि वेळ. सोमवार टाळा. त्या दिवशी बेकवेलचा आठवडी बाजार असतो आणि गावातून गाडी काढणं जिवावर येतं. शनिवार-रविवारी जायचं तर दहाच्या आत ओव्हर हॅडनच्या गाडीतळावर असा. तळ लहान आहे, आणि गावातल्या अरुंद गल्लीत कुणाच्या दारासमोर गाडी लावणं बरं नव्हे.

४. वाट उघडी आहे का. दरीतली राखाडी खोडाची ॲश झाडं एका बुरशीजन्य रोगाने मोठ्या प्रमाणावर मरत आहेत. वाळकी झाडं वाटेवर पडू नयेत म्हणून ती तोडतात, आणि तोड चालू असताना वाटेचा तुकडा बंद ठेवतात. या निसर्गक्षेत्राची देखभाल नॅचरल इंग्लंड करते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या सूचना पाहा, आणि तिथे पोचल्यावर फाटकावरची पाटी वाचा. "आपल्याला कोण अडवतंय" म्हणून पट्टी ओलांडू नका. वाळलेल्या ॲशची फांदी आवाज न करता पडते.

> तपासा: महिना ठरला, सुरुवात ओव्हर हॅडन, वाट उघडी. यातलं एक जरी नक्की नसेल तरी बेत पुढे ढकला.

## पिशवीत काय हवं

पायात खाचांच्या तळव्याचे बूट. चपला, सँडल आणि आजोबांचे पांढरे कॅनव्हासचे बूट गाडीतच राहू देत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना चालण्याची काठी द्या, आणि शक्यतो दोन द्या. उताराला एका काठीपेक्षा दोन काठ्यांचा आधार कितीतरी बरा.

पाणी घरून न्या. दरीत दुकान नाही, नळ नाही. नदी कितीही नितळ दिसली तरी तिचं पाणी पिऊ नका.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: साबण, हात धुण्यापुरती वेगळी पाण्याची बाटली आणि ओले रुमाल. इथली माती शिशाच्या खाणीची आहे. खाणवाल्यांनी बाहेर टाकलेल्या दगडमातीचे ढीग वाटेच्या कडेला आजही आहेत, त्यांच्यावर गवत उगवलं इतकंच. अशा जमिनीवर चरून गुरांना होणाऱ्या विषबाधेला इथले जुने लोक 'बेलंड' म्हणत. आपण दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या हाताने खाणारी माणसं. काट्याचमच्याने खाणाऱ्यांपेक्षा आपल्याला ही काळजी जास्त घ्यायला हवी. नुसतं जंतुनाशक जेल चोळून शिसं जात नाही, ते धुवावंच लागतं.

छापील नकाशा घ्या: ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २४, व्हाइट पीक. दरीत मोबाइलला रेंज भरवशाची नाही. गाडीतळाचे पैसे भरायला नाणी ठेवा, कारण ॲपही त्याच रेंजवर चालतं. एक छोटी विजेरी घ्या, तिचा उपयोग पुढे येईल.

बाबागाडी न्यायची असेल तर मोठ्या, दणकट चाकांची. बेटमन हाउसपाशी ती बाहेरच ठेवावी लागेल. तान्ह्या बाळाला पोटाशी बांधून नेणं जास्त सोयीचं.

## टप्पा १: गाडीतळ ते नदी

गाडीतळावर स्वच्छतागृह आहे. सगळ्यांना जाऊन यायला सांगा, "मला नाही लागली" म्हणणाऱ्यांनाही. पुढे सोय नाही.

गावातून सेंट ॲन चर्चजवळून एक अरुंद रस्ता वळणं घेत खाली नदीवर उतरतो. अंतर थोडं आहे, पण उतार उभा आहे. वाहनं कमी असली तरी येतात, म्हणून मुलांचे हात धरा आणि वळणावर आतल्या कडेला चिकटून चालू नका, समोरून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसायला हवं. खाली गाड्या उभ्या करायची सोय नाही, तेव्हा "बाबांना खाली सोडून येतो" या भरवशावर बेत आखू नका.

उतरतानाच एक काम करा. चर्चपाशी थांबा, मागे वळून चढ बघा आणि वडीलधाऱ्यांना सरळ विचारा, "परत येताना हा चढायचा आहे. जमेल ना?" आपले आई-बाप मुलांचा दिवस मोडू नये म्हणून "जमेल रे" म्हणतात. तोंडाचं उत्तर ऐका, पण श्वासाकडेही लक्ष द्या. इथेच धाप लागली असेल तर वर फिरा, गाडी काढा आणि कॉन्क्सबरी पुलावर जा. यात कमीपणा काही नाही.

> इशारा: ज्यांना छातीचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी गोळ्या आणि पंप खिशात ठेवावेत. गाडीत ठेवलेली गोळी या फेरीत उपयोगाची नाही, कारण गाडी त्या चढाच्या वर आहे.

## टप्पा २: लॅथकिल लॉजपासून वर

रस्ता नदीला भिडतो तिथे लॅथकिल लॉज नावाचं दगडी घर आहे. इथे वळण चुकतं. डावीकडची वाट नदीबरोबर खाली कॉन्क्सबरीकडे जाते. ती मोहक आहे, बंधाऱ्यांवरून पाणी खळाळतं, मुलं तिकडेच ओढतात. तुम्ही उजवीकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेला वळा. खाणी आधी, खेळ नंतर. क्रम उलटा केला तर खाणींपर्यंत पोचेतो मुलं कंटाळलेली असतात आणि मोठ्यांच्या पायांत त्राण उरलेलं नसतं.

वाट आता झाडीतून, बऱ्यापैकी सपाट जाते. नदी डाव्या हाताला. पाणी इतकं नितळ असतं की तळाचे खडे मोजावेत. पुलावरून किंवा काठावर नुसतं एक मिनिट स्तब्ध उभं राहिलं की ट्राउट मासे दिसू लागतात: प्रवाहाकडे तोंड करून, एका जागी शेपूट हलवत. मुलांना सांगताना "मासा शोधा" म्हणू नका, "तळावरची हलणारी सावली शोधा" म्हणा. सावली आधी दिसते.

पाण्यात उतरू नका, दगड मारू नका, कुत्रा असेल तर पट्टा सोडू नका. हे राखीव निसर्गक्षेत्र आहे.

## टप्पा ३: मँडेल खाण, पाण्याच्या मागोमाग

लॉजपासून सहाशे-सातशे मीटरवर उजव्या हाताला, चढणीच्या पायथ्याशी, खाणीचे अवशेष सुरू होतात. "एक पडकी भिंत दिसली" असं लोक म्हणतात ते इथलंच. भिंत शोधत गेलात तर भिंतच दिसणार. त्याऐवजी पाण्याचा माग काढा, खाण आपोआप समजते.

आधी दोन वाक्यांत कारण सांगतो, ते मुलांना इथे उभं राहून सांगा. शिशाचं खनिज चुनखडीच्या उभ्या भेगांमध्ये भरलेलं असतं, म्हणून खाणकामगार भेगेबरोबर खाली खाली खणत जातो. नदीच्या पातळीच्या खाली गेला, की खाणीत पाणी भरतं.

पहिली खूण, बोगद्याचं तोंड. वाटेलगत जमिनीतून पाणी बाहेर येणारं दगडी तोंड दिसतं. खाणीतलं पाणी नदीत सोडायचा हा बोगदा. इंग्रजीतलं त्याचं स्पेलिंग बघून लोक काहीही म्हणतात, इथला उच्चार 'सफ' असा आहे. मँडेलचा सफ १७९७ मध्ये खणायला घेतला आणि तो पुरा व्हायला वीसहून जास्त वर्षं लागली. आमची धाकटी पहिल्यांदा आली तेव्हा सात वर्षांची होती. तिला म्हटलं, तुझ्या वयाच्या मुलाचा बाप इथे खणायला लागला असता, तर तो मुलगा मोठा होऊन, लग्न होऊन, त्याला मूल झालं असतं, तेव्हा कुठे बोगदा पुरा झाला. ती बराच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसरी खूण, दगडी खांब. खाणीच्या परिसरातच वाटेजवळ आणि नदीलगत जाडजूड, शेवाळलेले खांब उभे आहेत. लोक त्यांना पडक्या पुलाचे खांब समजून पुढे जातात. त्यांच्यावरून माणसं जात नसत, पाणी जात असे. नदीच्या वरच्या अंगाने पाट काढून, तो या खांबांवरून दरीपार आणून, इथलं मोठं पाणचाक फिरवायचं आणि त्याच्या जोरावर खाणीतलं पाणी उपसायचं. नदीच्याच पाण्याने खाणीतलं पाणी काढायची ही युक्ती. शेतीला पाटाचं पाणी दिलेल्या माणसाला हे चटकन कळतं, म्हणून इथे आजोबांना बोलू द्या.

तिसरी खूण, इंजिनघर. आता ती भिंत. चाक पुरेना म्हणून १८४७ मध्ये इथे वाफेचं इंजिन बसवलं, त्या इंजिनघराची ती भिंत. आणि १८५१ मध्ये खाण बंद पडली. तळातलं पाणी हटलं नाही आणि खर्च खनिजाच्या वर गेला. तिन्ही खुणा या क्रमाने पाहिल्यावर त्या एका भिंतीकडे बघताना पोटात तुटतं.

> इशारा: इथे वाट सोडून चढावर जाऊ नका. खाणीचे जुने उभे खड्डे झाडोऱ्यात आहेत. जाळी किंवा दार असलेल्या भुयारात वाकून शिरू नका, भिंतींवर चढू नका. दगडमातीच्या ढिगावर मुलांना खेळू देऊ नका. चकाकणारा, हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागणारा खडा दिसला तर तो गॅलेना, शिशाचं खनिज असू शकतं. बघा, जागेवर ठेवा, हात धुवा. खिशात घालून घरी आणू नका.

ढिगांवर उन्हाळ्यात छोटी पांढरी फुलं दिसली तर वाकून बघा. शिसं असलेल्या मातीत जिथे इतर झाडं तगत नाहीत, तिथे हे रोप वाढतं. म्हणून त्याचं स्थानिक नावच 'लेडवर्ट' पडलं. खनिज कुठे असेल याचा अंदाज या फुलावरून येतो.

## टप्पा ४: बेटमन हाउस

आणखी तीन-चारशे मीटर पुढे गेल्यावर डावीकडे नदीवर छोटा पूल लागतो. तो ओलांडला की पडक्या घराच्या भिंती दिसतात. बरेच जण हा पूल न बघता सरळ पुढे जातात, म्हणून मँडेलपासून निघाल्यावर डावीकडे लक्ष ठेवा. पूल अरुंद आहे. एकामागून एक जा.

हे घर जेम्स बेटमन या खाणीच्या व्यवस्थापकाचं. ते बांधलंय तेच खाणीच्या उभ्या खड्ड्यावर, म्हणजे घरात जमिनीखाली शाफ्ट. आता तिथे लोखंडी जिना बसवलाय, आणि आत उजेडासाठी हाताने फिरवायचा दांडा आहे. दांडा फिरवत राहिलं की दिवा लागतो, थांबलं की अंधार.

क्रम असा ठेवा: एक मोठं माणूस आधी उतरेल, मग एक मूल, वर दुसरं मोठं माणूस थांबेल. एका वेळी दोघं-तिघंच. पायरी ओली असते, म्हणून पाठमोरं, जिन्याकडे तोंड करून उतरा. मोबाइल खिशात बंद करा. दांडा चालला नाही तर तुमची विजेरी कामाला येईल. उंचीची भीती असेल त्यांनी, बाळ पोटाशी असलेल्यांनी आणि गुडघेदुखीवाल्यांनी वरच थांबावं.

गेल्या वर्षी माझे वडील उतरले. साताऱ्याकडचे, तरुणपणी घरची विहीर खणताना स्वतः टोपलं उचललेले. त्यांनी दांडा फिरवला. पिवळट उजेड ओल्या दगडांवरून खाली घसरला आणि तळाशी काळं पाणी चमकलं. ते फिरवत राहिले, बोलले नाहीत. वर आल्यावर हात पुसत म्हणाले, "आमच्याकडं पाणी लागलं तेव्हा नारळ फोडला होता. ह्यांचं पाणी लागलं की काम बुडायचं."

> तपासा: बाहेर आल्यावर माणसं मोजा. घड्याळ बघा. इथून परत फिरायचं, पुढे नाही. वर कार्टर्स मिलचे अवशेष आहेत, पण तिथवर आणखी किलोमीटरभर आणि तेवढंच परत. दमलेल्या मुलांना घेऊन ते नको.

## टप्पा ५: जेवण आणि नदी

डबा खाणीच्या परिसरात उघडू नका. त्याच वाटेने लॉजपर्यंत परत या, तिथे किंवा थोडं खाली कॉन्क्सबरीच्या बाजूला थांबा. आता मुलांना बंधारे बघू द्या. पाण्यातल्या दगडावर बसून सारखा झुलणारा, छातीवर पांढरा ठसा असलेला गडद तपकिरी पक्षी दिसला तर तो डिपर. तो पाण्यात बुडी मारून तळाशी खाणं शोधतो.

साबणाने हात धुवायचे, नखांसकट, आणि मगच डबा उघडायचा. धुतलेलं पाणी नदीत ओतू नका, काठापासून दूर गवतावर ओता. संत्र्याची सालं आणि उरलेली पोळीसुद्धा पिशवीत घालून परत न्या.

मुलांना बसल्या बसल्या एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८५४ च्या सुमारास या ओव्हर हॅडनमध्ये सोनं सापडल्याचा बोभाटा झाला, कंपनीही निघाली. निघालं ते लोहमाक्षिक, म्हणजे पायराइट, सोन्यासारखं नुसतं चमकणारं.

## टप्पा ६: परतीचा चढ

जेवून लगेच चढू नका. वीस मिनिटं बसा. मग सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला पुढे ठेवा. आपली सवय उलटी असते: तरुण पुढे, आई-बाबा मागे, आणि पुढच्यांना गाठायच्या नादात मागचे थांबतच नाहीत.

प्रत्येक वळणावर थांबा, दम लागो वा न लागो. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का बघा. शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. चर्चपाशी मोठा थांबा घ्या, तिथून गाडीतळ जवळ आहे. सामान तरुणांनी उचलायचं, काठ्या वडीलधाऱ्यांकडे.

> इशारा: छातीत दुखणं, घाम फुटणं, डाव्या हातात कळ: थांबा, बसवा, ९९९ लावा. रेंज नसेल तर एकाने बसलेल्या माणसापाशी थांबावं आणि दुसऱ्याने गावाच्या दिशेने वर जावं. ९९९ वर एसएमएसनेही मदत मागता येते, पण त्यासाठी घरूनच ९९९ वर रजिस्टर हा शब्द इंग्रजीत पाठवून नोंदणी करून ठेवावी लागते. आजच करून ठेवा. आई-बाबांच्या फोनवर भारतातलं सिम असतं, म्हणून नोंदणी तुमच्या इथल्या फोनवर हवी.

## टप्पा ७: गाडीपाशी आणि घरी

बूट गाडीपाशीच काढा आणि जुन्या पिशवीत बांधा. घरी ते बाहेर धुवा, वाळलेला चिखल घरात झाडू नका, कारण त्याची धूळ रांगणाऱ्या बाळाच्या हातातोंडाशी जाते. मुलांच्या विजारी वेगळ्या धुवा. आणि धुण्याआधी त्यांचे खिसे उलटे करून बघा. "खडे घेऊ नका" असं कितीही सांगितलं तरी एखादा असतोच.